मांसाचा फोटो निघत नाही

बिबवेवाडीची टेकडी वस्तीनं खालून वर खाल्ली. आधी आलेल्यांनी रस्त्यालगतची सपाट जागा धरली, मागून आलेले दगड फोडत वर सरकले. सुशीलाबाई मागून आलेल्यांतली. यवतमाळकडून नवऱ्यामागं आली, कडेवर संतोष, डोक्यावर ट्रंक. नवरा कारखान्यात हेल्पर होता. मग देशात नवं वारं सुटलं आणि त्या वाऱ्यात कारखान्याचं शटर खाली आलं. नवरा आधी रिकामा झाला, मग दारूत बुडाला, मग गेला. सुशीलाबाई रडली ती तेराव्यापर्यंत. चौदाव्या दिवशी ती स्वारगेटजवळच्या एका खाजगी दवाखान्यात मावशी म्हणून उभी होती.

तिला दिलं एक्स-रेच्या खोलीत. काम धरण्याचं. फोटो काढताना माणूस हलतो, कारण त्याला दुखतं. सुशीलाबाईनं तो हलू द्यायचा नाही. मोडका पाय उचलायचा, पिळवटलेला खांदा वळवायचा, किंचाळणाऱ्याचं डोकं दोन्ही हातांत दाबून ठेवायचं. मशीनवर श्रीनिवास. सदाशिव पेठेतला माणूस, बोलणं मोजकं आणि तिरकं.

"मावशी, हा मनुष्याचा कोपर आहे, नळाची तोटी नव्हे. हळू फिरवा."

"याले काय म्हणता तुमच्यात?" ती नडगीवर बोट ठेवून विचारायची.

"आमच्यात टिबिया, शाळेच्या पुस्तकात जंघास्थी, आपल्यात नडगी. काम एकच, उभं ठेवणं. हिला लाथ बसली की कळतं आपण कशावर उभे होतो ते."

असं करत करत तिला सगळं अंग कळलं. खुबा, माकडहाड, खांद्याचं पातं, गुडघ्याची वाटी. कुठलं हाड कशाला आडोसा देतं, कुठल्या आडोशामागं काय नाजूक ठेवलंय. फोटो वाळत घातलेले असायचे, त्यांच्याकडं ती खिडकीतल्या उजेडात बघत बसायची. एकदा एका बाईचा फोटो कोरा आला. बाई विव्हळत होती, पाठ वांग्यासारखी झालेली, आणि फोटोत मोडलेलं काही नाही. सुशीलाबाईनं विचारलं, मशीन बिघडलं का?

"मशीन उत्तम आहे," श्रीनिवास म्हणाला. "मांसाचा फोटो निघत नाही, मावशी. दुःखाचा तर नाहीच नाही."

त्याच वर्षी विमलाबाई मेली.

विमलाबाई म्हणजे शेजारची, भिंतीला भिंत. तिच्या नवऱ्यानं तिला भाजी खारट झाली म्हणून लाथ घातली. सुशीलाबाई तिला घेऊन चौकीत गेली. चौकीत रावसाहेब हवालदार. हा माणूस वाईट नव्हता, आळशी होता, आणि बायकांच्या बाबतीत आळस वाईटपणापेक्षा जास्त जीव घेतो.

"कुठं मारलं?"

"अंगावर," विमलाबाई म्हणाली.

"अंग केवढं मोठं असतं बाई. पत्ता सांगा."

विमलाबाईनं पदर घट्ट ओढला आणि हात पोटाजवळ कुठंतरी फिरवला. परपुरुषासमोर अंगाची नावं घ्यायची नसतात, असं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं, आईला तिच्या आईनं. रावसाहेबांनी चहाचा कप उचलला. "झोपून उठा, बरं वाटेल."

ती झोपली. उठली तेव्हा पांढरीफटक पडली होती, पोट ढोलासारखं ताठ. रिक्षा स्वारगेटला पोचायच्या आत ती संपली. डाव्या बरगड्यांखाली पाणथरी असते, मुठीएवढी, रक्त गाळणारी. ती फुटली होती, आणि बाई रात्रभर आतल्या आत वाहत राहिली होती. असला काही अवयव आपल्यात आहे हे वस्तीतल्या एकाही बाईला, तोवर सुशीलाबाईलासुद्धा, ठाऊक नव्हतं.

पुण्यात तेव्हा सगळं उघडत होतं म्हणे. बाजार उघडला, कंपन्या उघडल्या, चौकाचौकात कॉम्प्युटरचे क्लास उघडले. चौकीतलं पेन तेवढं उघडत नव्हतं. सुशीलाबाईनं ते उघडायचं ठरवलं.

वस्तीला नळ एकच, टेकडीच्या पायथ्याशी. पाणी संध्याकाळी यायचं. आधी तासभर हंड्यांची रांग, आणि रांगेत बायका. घरात बायकांना बोलता येत नाही, देवळात पुजारी असतो, नळावर मात्र कुणाचा नवरा येत नाही. तिथं तिनं उजळणी सुरू केली. एक अवयव ती म्हणायची, त्याचं काम बायकांनी सांगायचं.

"कानशील?"

"याच्या मागं मेंदू."

"कानाचा पडदा?"

"ऐकायला."

"जबडा?"

"चावायला अन् बोलायला."

"आमच्या मालकाचा नुसता चावायलाच आहे," एखादी म्हणायची, आणि रांग हसायची.

"बरगड्या?"

"फुप्फुसाचं कुंपण."

"डाव्या बरगडीखाली?"

इथं कुणी हसायचं नाही. "पाणथरी," सगळ्या हळूच म्हणायच्या.

"कुल्ला?"

"बसायला."

"मोडतं काय तिथं?"

"काय मोडायचंय बाई, मांसच मांस."

"मग चौकीत दाखवू नका," सुशीलाबाई सांगायची. "मांसाले तिथं भाव नाही. हाड दाखवा, दात दाखवा, कान दाखवा."

हे ती हवेत सांगत नव्हती. पुढच्या काही वर्षांत तिनं इतक्या बायका त्या चौकीत नेल्या की तिथली रीत तिला तोंडपाठ झाली. कायद्यात कलमं होती, बायकांसाठीची वेगळीसुद्धा होती. पण कलम पुस्तकात असतं, पुस्तक कपाटात असतं आणि कपाटाची किल्ली साहेबांकडं असते. चालायचं काय, तर दात पडला, मोठी दुखापत. हाड मोडलं, मोठी दुखापत. कान गेला, डोळा गेला, मोठी दुखापत. मग नवऱ्याला उचलायचे. पाठ सोलून निघाली, मांड्या फुटल्या, तर कागदाचा चिठोरा हातात देऊन घरी पाठवायचे. मग सुशीलाबाई मोडलेलं शोधायची आणि चौकीत नीट नावानिशी सांगायला लावायची. जबडा मोडलेली एक, बोट मोडलेली एक, कानाचा पडदा फाटलेली एक, अशा केसा उभ्या राहिल्या. काही पुरुष आत जाऊन आले. टेकडीवर हात उचलताना माणूस आता विचार करू लागला होता, आणि हे आपण केलं याचा सुशीलाबाईला अभिमान होता. उघड अभिमान. ती छाती काढून चालायची आणि रावसाहेबांना "काय हवालदार, पेन आणलंय का आज?" असं सगळ्यांदेखत विचारायची.

विचार करू लागलेला पुरुष काय विचार करतो, हा प्रश्न मात्र तिला पडला नाही.

संतोष मोठा झाला. बारावीनंतर गाडी शिकला आणि एका कॉल सेंटरच्या क्वालिसवर ड्रायव्हर म्हणून लागला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र आलं. नातेवाइकांत सुशीलाबाई सांगायची, "पोरगा आयटीत हाये." रात्री पोरींना घरून उचलायचं, सकाळी परत सोडायचं. मागच्या सीटवर पोरी मोबाइलवर मोकळं बोलायच्या, हसायच्या, ड्रायव्हर म्हणजे त्यांना गाडीचाच एक भाग. संतोष आरशातून बघायचा, ऐकायचा, आणि घरी येऊन आपल्या बायकोच्या हसण्याचा अर्थ लावायचा.

बायको नम्रता. कर्वेनगरातल्या ब्यूटी पार्लरमध्ये दुपारनंतर कामाला जायची. सुशीलाबाईनंच तिला पसंत केलं होतं. पोरगी बोलकी होती, आणि सुशीलाबाईला मुकी सून नको होती. लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा नम्रता मुकी झाली.

सुशीलाबाई सकाळी दवाखान्यात जायची, संतोष त्यानंतर कामावरून यायचा. संध्याकाळी ती परतायची तेव्हा तो जायच्या तयारीत. त्या दोघांचं दिवसाचं घर तिनं कधी बघितलंच नव्हतं. पण एका रविवारी जेवताना तिच्या लक्षात आलं की सून उभ्यानंच जेवतेय.

"बस की."

"असू दे, आई."

"काऊन?"

नम्रतानं ताट खाली ठेवलं. संतोष बाहेर गाडी धूत होता. सुशीलाबाईनं दाराला कडी लावली आणि तिला पालथी झोपवली. पोरगी आधी हिसके देत होती, मग सैल पडली. सुशीलाबाईचे हात एक्स-रेच्या खोलीत तयार झालेले होते. ते टाळूपासून सुरू झाले.

केसांच्या आत टेंगळं. बाहेरून दिसायची नाहीत अशी. दंडांच्या मागल्या बाजूला, ब्लाउजची बाही संपते तिथवरच, काळे डाग. पाठीच्या मणक्यावर एक ओरखडा नाही. कुल्ल्यांवर आणि मांड्यांवर पट्टे, जुने पिवळे, त्यावर नवे जांभळे. गुडघ्याच्या वाटीच्या अलीकडं पट्टे थांबलेले. खुब्याच्या हाडाला वळसा घालून गेलेले. तळपाय फुगलेले. दात सगळे जागेवर, कान ठीक, बरगड्या शाबूत.

तिनं बायकांची किती अंगं बघितली होती. मारणारा पिसाळलेला असतो, लागेल तिथं मारतो. इथं तसं नव्हतं. ज्यानं मारलं त्याला अंग पाठ होतं.

"कशानं मारतो?"

"गाडीच्या फॅन बेल्टनं."

"अन् बोलतो काय?"

नम्रता उशीत तोंड घालून म्हणाली, "तुमची उजळणी बोलतात. एकेक नाव घेतात आणि मारतात. म्हणतात, आईलाच विचार, यातलं एकही चौकीत चालत नाही."

सुशीलाबाईचा हात तिच्या पाठीवरच थांबला. बाहेर संतोष बादलीनं काचेवर पाणी मारत होता. नळावरच्या रांगेत हा पोरगा तिच्या लुगड्याला धरून उभा असायचा आणि बायकांच्या आधी उत्तरं द्यायचा. बायका कौतुकानं त्याचे गालगुच्चे घ्यायच्या.

दुसऱ्या दिवशी तिनं नम्रताला दवाखान्यात नेलं. श्रीनिवासनं पायापासून पाठीपर्यंत फोटो काढले, पैसे लावले नाहीत. मग त्यानं ते एकेक करून खिडकीला धरले.

"काही नाही?" तिनं विचारलं.

"स्वच्छ," तो म्हणाला. "इतका स्वच्छ फोटो मी मार खाल्लेल्या माणसाचा पाहिला नाही. कुणी तरी फार अभ्यास केलाय."

सुशीलाबाईनं फोटो पाकिटात घातले. ती नम्रताला घेऊन तिथून चौकीत गेली. रावसाहेबांचे केस पांढरे झाले होते, खुर्ची तीच होती.

"या. कुणाचं हाड आणलंत?"

"हाड नाही. सून हाये माझी. पोरानं मारलं."

"तुमच्या पोरानं?" रावसाहेब खुर्चीत सरळ झाले. चेहऱ्यावर आलेलं हसू त्यांनी लपवलं नाही. "अहो, मग मी काय करू? इतकी वर्षं आपणच आम्हाला शिकवलंत, हाड बघा, दात बघा. आता मांस दाखवताय. फार तर बोलावून समज देतो."

समज दिली. म्हणजे संतोषला बोलावलं, चहा पाजला, आईला त्रास देऊ नकोस म्हणाले आणि सोडलं.

दुसऱ्या दिवशी चौकीतून सुटून तो घरी आला तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते. सुशीलाबाई कामावर गेली नव्हती. नम्रता भिंतीला टेकून उभी होती. संतोषनं बूट काढले, ओळखपत्र खिळ्याला अडकवलं, टीव्हीचा आवाज मोठा केला. तो ओरडत नव्हता. तेच भयंकर होतं.

"तक्रार केलीस, आई? माझी? चुकलं काय ते तरी सांग."

"तिले हात लावशील तर पाह्य."

"हात नाही लावत. तू बस. तुझ्यासमोर दाखवतो, चुकलं तर तिथल्या तिथं सांग."

त्यानं गादीखालून बेल्ट काढला, नम्रताला दंडाला धरून ओढलं आणि पलंगावर पालथी पाडली. एक गुडघा तिच्या कमरेत रोवला.

"मांडी," तो नळावरच्या सुरात म्हणाला. "काम काय? चालायचं." बेल्ट बसला. नम्रताच्या तोंडातून आवाज आला नाही, नुसती हवा आली. "मोडलं काय? काही नाही." पुन्हा बेल्ट. "पोटरी. काम काय? चढायचं. मोडलं काय?" त्यानं आईकडं बघितलं. "बोल ना. तुझंच आहे."

मांडीवरची जुनी कातडी फुटून रक्त चादरीवर उतरलं. सुशीलाबाईनं त्याचा हात धरला. त्यानं झटकला, ती गॅसच्या शेगडीवर आदळली, तिचं कोपर सोललं. तो पुन्हा वळला. "तळपाय," तो म्हणाला.

दाराच्या मागं टॉमी उभी असायची, चाकाचे नट सोडवायचा लोखंडी दांडा. गाडीतून चोरीला जाते म्हणून तो घरात आणून ठेवायचा. सुशीलाबाईनं ती दोन्ही हातांनी उचलली. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात, एक पंजा फिरवतं, दुसरं त्याला आधार देतं, हे तिला ठाऊक होतं. पण त्या घडीला तिनं काही निवडलं नाही. टॉमी जिथं पडली तिथलं मोडलं. कापसाची वाळकी पऱ्हाटी पायाखाली मोडावी तसा आवाज आला आणि बेल्ट जमिनीवर पडला. दुसरा घाव त्याच्या खांद्यावर बसला. तो भिंतीशी सरकला, तिसरा भिंतीवर बसला आणि पोपडा खाली आला.

"तुह्या टाळूवर घालू? सांग, काम काय टाळूचं?" तिच्या तोंडातून थुंकी उडत होती. वीस वर्षांची पुण्याची भाषा गळून पडली होती. "सांग नं बे. मांस हाये का थे? मांस हाये?"

चौथा त्याच्या डोक्यावरच बसायचा. नम्रतानं पलंगावरून उतरून, रक्ताळलेल्या पायांनी, तिला मागून कमरेला मिठी घातली. "आई, मरतील ते. आई." तिच्या मिठीत सुशीलाबाईची पकड सुटली. टॉमी खाली पडली. टीव्हीवर कुणीतरी साबण विकत होतं.

संतोष खाली बसला होता. त्याचा उजवा हात मनगटाच्या वर, जिथं वाकायला काही नसतं, तिथं वाकला होता. घामानं तोंड ओलं झालं होतं. सुशीलाबाईनं टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्याच्या हाताखाली धरला आणि दोरीवरच्या ओढणीनं वरखाली बांधला. तो लहान पोरासारखा ओरडला. तिनं बांधणं थांबवलं नाही.

तिघं एकाच रिक्षातून गेली. नम्रताला बसता येत नव्हतं. ती दांड्याला धरून अर्धी उचललेली राहिली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं?

"पायऱ्यांवरून पडलो," संतोष म्हणाला.

"मी मोडला," सुशीलाबाई म्हणाली. "लिहा."

डॉक्टरांनी फोटोची चिठ्ठी लिहिली. श्रीनिवासनं फोटो काढला. सुशीलाबाईनंच हात धरला, इतर कुणाला धरू दिला नाही. फोटोत दोन्ही हाडं तुटलेली दिसत होती. हाड मोडलेलं होतं, सांगणारी बाई सांगत होती, मग दवाखान्यानं नियमाप्रमाणं चौकीत फोन केला. पलस्तर चढवून तिघं पुन्हा रावसाहेबांसमोर.

रावसाहेबांनी खुर्ची पुढं ओढली. "सुशीलाबाई, घरचं घरात राहू द्या. पोरगा म्हणतो पडलो. माझी हरकत नाही."

"माझी हाये."

"आई, नको ना," संतोष दबक्या आवाजात म्हणाला. आता तो रडत होता. "सगळ्या ड्रायव्हरांत होईल, आईकडनं हात मोडून घेतला. पडलो म्हण. परत नाही मारणार तिला. शप्पथ."

सुशीलाबाईनं त्याच्याकडं बघितलं. तिला त्याचं खरं मानायचं होतं. इतक्या बायकांना तिनं इथंच, ह्याच बाकावर, नवऱ्याची शप्पथ मानू नका म्हणून दटावलं होतं, आणि त्या का मानत होत्या ते तिला आत्ता कळत होतं. तिचे ओठ हलले. मग नम्रताच्या साडीवर पसरत चाललेला डाग तिला दिसला.

"हवालदार, आजवर हाड मागत होता नं? हे घ्या. टॉमीनं मोडलं, मी मोडलं."

"आईनं पोराचा हात मोडला, असं लिहू?"

"लिहा. अन् काऊन मोडला तेही लिहा. त्याच्याबिगर मी अंगठा लावत नाही, सही करत नाही. कारण विचारायचं असते नं तुमच्यात?"

रावसाहेबांनी संतोषच्या पलस्तराकडं बघितलं. मोठी दुखापत होती, कबुली होती, दवाखान्याचा फोन येऊन गेला होता. सुटका नव्हती. त्यांनी टोपण काढलं.

"कारण सांगा."

"मी नाही, ती सांगेल."

नम्रताला खुर्ची दिली. ती बसली नाही. उभ्यानंच बोलू लागली. तिनं एकही नाव धड घेतलं नाही. जिथं बसते तिथं, म्हणाली. इथं मागं. केसांत. पोटरीला पाय म्हणाली, मांडीला पाय म्हणाली. सुशीलाबाईची जीभ दुरुस्त करायला दोनदा टाळ्याला लागली आणि तिनं ती तिथंच धरून ठेवली. रावसाहेब लिहीत होते. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "पाय म्हणजे कुठं?" तेव्हा नम्रतानं साडी गुडघ्याच्या वर उचलली. चौकीतली माणसं आधी भिंतीकडं बघू लागली, मग त्यांनी बघितलं. रावसाहेबांनी खाली मान घालून लिहिलं.

लिहून झाल्यावर सुशीलाबाईनं सही केली, कारण तिला सही येत होती.

"लोखंडी हत्यार आहे, हाड मोडलेलं आहे," रावसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात हसू नव्हतं. "आत जावं लागेल, बाई. नम्रताबाईंची तक्रार वेगळी घेतो. पोराला सोडत नाही, त्यालाही बसवतो."

"बसवा."

महिला कॉन्स्टेबलनं तिच्या दंडाला धरलं. सुशीलाबाई चालू लागली आणि दारात थांबली. बाकावर बसलेल्या संतोषचा हात मांडीवर लोंबत होता, पलस्तराच्या कडेनं बोटं जांभळी दिसू लागली होती.

"त्याले गळ्यात झोळी बांधून द्या," ती रावसाहेबांना म्हणाली. "पलस्तर ओलं हाये. हात खाली ठेवला तर बोटं सुजतील. अन् रात्री दुखलं म्हणून ओरडला तर झोपून उठ म्हणू नका, बोटं तपासा."

मग ती आत गेली.